दातांची ओळख मुलांना कशी करून द्यावी

दातांविषयी मुलांशी आपण बहुधा दोनच प्रसंगी बोलतो, सकाळी ब्रश हातात देताना आणि गोळी-चॉकलेट हातातून काढून घेताना, आणि दोन्ही वेळी आपल्या बोलण्यात धाक असतो. चार ते दहा वर्षांच्या मुलांना मात्र दात ही मुळातच कुतूहलाची वस्तू वाटते, कारण शरीराचा दुसरा कोणताही भाग आधी हलू लागत नाही, मग एके दिवशी हातात येत नाही आणि त्याच्या जागी नवा उगवत नाही. या कुतूहलाचा आधार घेऊन दातांची निगा कशी शिकवता येईल, ते पुढे सांगितले आहे. पद्धत साधी आहे. मुलाला त्याच्या स्वतःच्या तोंडात दिसेल असे एक नवल दाखवावे आणि त्या नवलाला जोडून एकच सवय त्या आठवड्यात लावावी. सगळे एकाच दिवशी सांगायला गेले, तर मूल ऐकून घेते आणि विसरते.

आरशासमोरची मोजणी

सुरुवातीला एक हातआरसा, एक लहान टॉर्च आणि साबणाने धुतलेले बोट एवढेच साहित्य पुरते. मुलाला आरशात पाहत स्वतःचे दात मोजू द्यावेत आणि आपण टॉर्च धरावी. साधारणपणे तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत दुधाचे सर्व २० दात आलेले असतात, वर १० आणि खाली १०. पुढचे चपटे आणि धारदार ते पटाशीचे दात, त्यांच्या शेजारचा टोकदार तो सुळा आणि मागच्या रुंद त्या दाढा, अशी नावे मोजतानाच सांगावीत. सुताराची पटाशी मुलाने पाहिली नसेल तर तीही दाखवावी, म्हणजे नाव लक्षात राहते. त्यानंतर भाकरीचा एक तुकडा फक्त पुढच्या दातांनी बारीक करून पाहायला सांगावे. तुकडा तुटतो, पण त्याचे पीठ होत नाही, आणि जीभ तो आपोआप दाढांकडे ढकलू लागते. दाढ ही जात्यासारखी आहे, हे मुलाला त्या क्षणी न सांगता कळते.

मोजणी झाली की एक कोडे घालावे. दुधाचे दात २०, मोठ्या माणसाचे ३२. मग वाढीव १२ दात कुठून येतात? बहुतेक मुले ‘मध्ये मध्ये येतात’ असे उत्तर देतात. खरे उत्तर असे की, पडलेल्या वीस दातांच्या जागी वीसच दात येतात आणि उरलेल्या बारा दाढा दुधाच्या दातांच्या मागे, जबडा लांब होत जातो तसतशा, कोऱ्या जागेवर उगवतात: चार सहाव्या वर्षाच्या सुमारास, चार बाराव्या वर्षाच्या सुमारास, आणि शेवटच्या चार, म्हणजे अक्कलदाढा, बहुधा १७ ते २५ या वयात. अक्कलदाढा काहींना येतच नाहीत. दुधाच्या दातांत उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्या मधले दात, नसतात, हेही मोठ्या मुलांना दाखवण्यासारखे आहे. दुधाच्या आठ दाढा पडतात तेव्हा त्यांच्या जागी दाढा न येता उपदाढा येतात.

खेड्यातल्या किंवा सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांसाठी याहून चांगला धडा गोठ्यात आहे. गाय, म्हैस आणि शेळी यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात; तिथे कठीण हिरडीची गादी असते आणि खालचे आठ दात त्या गादीवर दाबून ती गवत तोडतात. वासरालाही दुधाचे दात असतात आणि ते जोडीजोडीने बदलतात. शेतकरी बैलाचे तोंड उघडून वय सांगतो ते याच आधारावर: दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो ‘आदत’, कायमचे दोन दात आलेला ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’. बैलगाडा शर्यतींतही या शब्दांवरून गट पडतात. मुलाने आपल्या तोंडात पाहून ‘मी आदत की दुसा’ हे ठरवले, तर ते दात आठवडाभर आपणहून तपासत राहते, आणि आपल्याला तेच हवे असते.

हत्तीविषयीही एक गोष्ट सांगावी, कारण तिथे आपली भाषा थोडी चुकलेली आहे. हत्तीचे ज्यांना आपण सुळे म्हणतो, ते खरे म्हणजे वरच्या जबड्यातले प्रचंड वाढलेले पटाशीचे दात आहेत. त्याचे खायचे दात आत असतात. त्याच्या दाढा झिजल्या की मागून नव्या पुढे सरकतात आणि आयुष्यात असे सहा संच येतात. शेवटचा संच झिजला की म्हाताऱ्या हत्तीला चारा नीट चावता येत नाही. माणसाला दोनच संच मिळतात आणि दुसरा संच सहाव्या वर्षापासूनच येऊ लागतो. ही तुलना ऐकून मूल गप्प होते, तेव्हा आपणही उपदेश न करता गप्प राहावे.

पडलेला दात फेकण्यापूर्वी

पडलेला दुधाचा दात कौलांवर फेकावा किंवा उंदराच्या बिळाजवळ टाकून त्याच्यासारखे बळकट दात मागावेत, अशी रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. ती मोडण्याचे काही कारण नाही. उंदराची निवड तर विलक्षण अचूक आहे, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि म्हणूनच त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. फक्त फेकण्यापूर्वी तो दात धुऊन मुलाच्या तळहातावर ठेवावा आणि विचारावे, ‘याचे मूळ कुठे गेले?’

दुधाच्या दातालाही चांगली लांब मुळे असतात. खालून नवा दात वर सरकू लागला की जुन्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते आणि शेवटी नुसता वरचा भाग हिरडीच्या आधाराने लोंबत राहतो. म्हणूनच तो सहज निघतो आणि रक्तही फारसे येत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दिसणारे दात आणि आत तयार होत असलेले दात एकत्र मोजले, तर ते मोठ्या माणसाच्या दातांपेक्षा जास्त भरतात. हलणारा दात दोऱ्याने ओढून काढण्याची घाई करू नये. जिभेने आणि स्वच्छ बोटाने हलवत राहणे पुरते. खालचा कायमचा दात दुधाच्या दाताच्या मागे उगवून दोन ओळी दिसू लागल्या, तरी घाबरू नये. बहुतेक वेळा दुधाचा दात पुढे आपोआप पडतो आणि जीभ नव्या दाताला पुढे ढकलते. काही आठवडे वाट पाहूनही तो हलत नसेल, तर दंतवैद्यांना दाखवावे.

याच ठिकाणी एका घट्ट समजुतीला हात घालावा लागतो. ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ असे म्हणून किडलेले दात तसेच सोडले जातात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या वेळेआधी गेल्या, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि मागून येणाऱ्या उपदाढेची वाट अडते. शिवाय दुधाच्या दातावरचे वेष्टन कायमच्या दाताच्या मानाने पातळ असते, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते, आणि हिरडीवर पुळी आली की तो संसर्ग खालच्या वाढत्या दातालाही बाधू शकतो. दुखणारी दाढ असलेले मूल नीट जेवत नाही, नीट झोपत नाही, आणि लहान असेल तर काय होते आहे हे त्याला सांगताही येत नाही. पडणारा दात म्हणून त्याचे दुखणे खोटे नसते.

सहाव्या वर्षाची दाढ

या लेखातून एकच गोष्ट वाचकाने घरी न्यायची असेल, तर ती ही असावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आलीच तर ती दुधाची समजली जाते. ही दाढ जन्मभर चघळण्याचा मोठा भार उचलणार असते. तरीही ती तोंडात अगदी मागे, अर्धवट हिरडीखाली, खोल खाचा घेऊन येते आणि ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण तोपर्यंत मूल ‘माझे मी घासतो’ म्हणू लागलेले असते.

मुलाला ही दाढ पाहुण्यासारखी शोधायला लावावी. पाचव्या वाढदिवसानंतर दर महिन्याला टॉर्च घेऊन मागे पांढरे टोक दिसते का, ते पाहावे. ती दिसली की ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून तिचा माथा वेगळा घासावा, कारण शेजारच्या दाढांहून ती खाली असते आणि सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो. खाचा फार खोल असतील, तर दंतवैद्य त्या एका पातळ लेपाने बुजवून देतात. त्याला सीलंट म्हणतात. त्यात दात कोरावा लागत नाही, सुई लागत नाही, दुखतही नाही.

‘कीड’ म्हणजे किडा नव्हे

आपला ‘कीड’ हा शब्द मुलांच्या मनात एक वळवळणारा किडा उभा करतो. दातात किडा असतो ही समजूत प्राचीन मेसोपोटेमियापासून चालत आली आहे, आणि बियांची धुरी देऊन ‘दातातला किडा’ काढून दाखवणारे आजही भेटतात; ते जे दाखवतात ते दातातून आलेले नसते. खरी हकीकत अधिक रंजक आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरट थर काढून आपल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव त्याला दिसले. तो थर आपल्याही दातांवर रोज बसतो. सकाळी उठल्यावर जिभेने दात चाचपून पाहिले तर ते गुळगुळीत लागण्याऐवजी लोकरीसारखे लागतात; घासल्यावर पुन्हा चाचपावे. हा फरक ओळखणे ही मुलाला देता येण्यासारखी सर्वांत उपयोगी कसोटी आहे, कारण ती तपासायला कोणी मोठे माणूस लागत नाही.

हे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताचे वरचे वेष्टन, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, हाडाहूनही कठीण. पण ते आम्लात विरघळते आणि एकदा खड्डा पडला की ते पुन्हा उगवत नाही, कारण त्यात जिवंत पेशी नसतात. मुलांना हे दाखवायला अंडे आणि व्हिनेगर पुरते. पेल्यात अंडे ठेवून ते बुडेल इतके व्हिनेगर ओतावे. लगेच बुडबुडे येतात आणि एक-दोन दिवसांत कवच जाऊन अंडे रबरासारखे मऊ होते. मात्र मुलाला खरे तेच सांगावे: अंड्याचे कवच आणि दात एकाच पदार्थाचे नाहीत, दात कितीतरी सावकाश झिजतो, पण आम्ल काय करते ते या पेल्यात दिसते.

आता खरा मुद्दा. काहीही गोड खाल्ले की दातांवरच्या थरात आम्ल वाढते आणि ते निवळून लाळेने दात पुन्हा सावरायला साधारण अर्धा तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून ‘किती खाल्ले’ यापेक्षा ‘किती वेळा खाल्ले’ हे दातांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. जेवणाबरोबर खाल्लेला अख्खा लाडू एकदाच आम्ल करतो, पण तोच लाडू दुपारभर चिमूट-चिमूट खाल्ला, तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. बिस्किटाचा पुडा समोर ठेवून दूरदर्शनसंच पाहणे हे याचेच रोजचे उदाहरण आहे. स्वीडनमध्ये १९४५ नंतरच्या काही वर्षांत व्हिपेहोल्म या संस्थेत झालेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले: जेवणाच्या अधेमध्ये दिलेल्या चिकट टॉफीने दात सर्वाधिक किडले. ते प्रयोग संमती देऊ न शकणाऱ्या मतिमंद रुग्णांवर केले गेले होते, ही गोष्ट मोठ्या माणसांनी विसरू नये. त्यानंतर त्या देशात मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेट देण्याची प्रथा रुजली, आणि ती आपल्या घरातही सहज लावता येते.

गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ असले, तरी जंतूंना ती साखरच असते. चिक्की आणि तिळगूळ चिकट असल्याने दाढांच्या खाचांत अडकून राहतात. संक्रांतीला तिळगूळ जरूर द्यावा, पण जेवणानंतर द्यावा आणि वर पाणी प्यायला लावावे. खोकल्याच्या गोड औषधाकडेही लक्ष असावे. सर्वांत घातक म्हणजे दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे. झोपेत लाळ फार कमी होते, त्यामुळे दूध वरच्या पुढच्या दातांवर रात्रभर साचते आणि ते दात दोन वर्षांच्या आतच तपकिरी होऊन झडू लागतात. रात्रीचे दात घासणे सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे मानतात, तेही याच कारणाने.

ब्रश, पेस्ट आणि पाणी

पहिला दात दिसला, बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास, की घासायला सुरुवात करावी. लहान मुलाचे दात समोर उभे राहून घासू नयेत. त्याला आपल्याकडे पाठ करून उभे करावे किंवा मांडीवर आडवे घ्यावे, डोके आपल्या छातीवर टेकवावे आणि एका बोटाने ओठ उचलून घासावे, म्हणजे सगळे दात दिसतात. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर थोडे तिरके टेकवून लहान लहान वर्तुळे काढावीत. जोर लावू नये. तोंडाचे चार भाग मानून प्रत्येक भागाला तीसपर्यंत सावकाश आकडे मोजले की दोन मिनिटे होतात. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने आधी घासावे आणि मग मोठ्यांनी हात फिरवावा, कारण बारीक वळणे घेण्याइतका हात तोवर तयार झालेला नसतो. केस पिंजारले की ब्रश बदलावा, आणि तसे झाले नाही तरी तीन महिन्यांनी बदलावा.

फ्लोराइड म्हणजे दाताचे वेष्टन आम्लापुढे टिकाऊ करणारे खनिज. त्याची पेस्ट तीन वर्षांखालील मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी घ्यावी. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर पट्टी मुलांसाठी नसते. घासून झाल्यावर थुंकायला शिकवावे, पण लगेच खळखळून चूळ भरू देऊ नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहते. राखुंडी, कोळसा आणि खडे मीठ यांनी दात चकचकीत वाटले, तरी वेष्टन घासले जाते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू आहे. ती मुलाच्या हाती कधीही देऊ नये, आणि घरातली वडील माणसे लावत असतील तर मुलांसमोर लावू नये, अशी त्यांना आदराने विनंती करावी.

फ्लोराइडची दुसरी बाजू विदर्भ-मराठवाड्यातल्या पालकांनी विशेष जाणून घ्यावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे, आणि एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी लहानपणी वर्षानुवर्षे प्यायल्यास कायमच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग उमटतात. हे डाग घासून जात नाहीत, तेव्हा अशा मुलाला ‘दात घासत नाहीस’ म्हणून रागावणे अन्यायाचे आहे. पाणी उकळून फ्लोराइड निघत नाही. विंधन विहिरीचे पाणी तपासून घ्यावे आणि मुलांसाठी सुरक्षित स्रोताचे पाणी वापरावे. पेस्टविषयी तेथील दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.

दंतवैद्यांकडे जाताना

पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, आणि काहीही दुखत नसताना व्हावी. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे. ‘अजिबात दुखणार नाही’ हेही म्हणू नये, कारण त्याने मुलाला दुखण्याचीच आठवण होते. ‘ते तुझे दात मोजणार आहेत’ एवढे पुरे. मधल्या काळात महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी असते, आणि या टप्प्यावर फ्लोराइडने व सवयी सुधारून दात सावरू शकतो. काळा खड्डा दिसेपर्यंत थांबू नये. खर्चाची चिंता असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत उपचार अल्प दरात होतात, तसेच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शासकीय शाळेत येते तेव्हा दातही पाहते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

खेळताना दात उखडला तर काय करायचे, हे मात्र आधीच ठरवून ठेवावे. दुधाचा दात उखडला असेल तर तो परत बसवू नये, कारण खालच्या दाताला इजा होते. कायमचा दात असेल तर तो पांढऱ्या माथ्याकडून उचलावा, मुळाला बोट लावू नये, मुळी घासू नये, कागदात किंवा रुमालात गुंडाळू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुऊन, जमल्यास तो त्याच खाचेत बसवून मुलाला स्वच्छ कापड चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर दात वाटीभर थंड दुधात ठेवावा आणि ती वाटी घेऊन तासाभराच्या आत, शक्य तर अर्ध्या तासात, दंतवैद्यांकडे पोचावे. शाळेतल्या शिक्षकांना आणि मैदानावरच्या प्रशिक्षकांनाही हे सांगून ठेवावे, कारण असा प्रसंग बहुधा आईवडील जवळ नसतानाच येतो.